माळव्याची जमीन दोन पिके देते, तरी हिशेब का जुळत नाही?

रामबागकर

नमस्कार. आमचे घर इंदूरच्या रामबागेत असले, तरी सांवेर तहसिलीत आजोबांच्या वेळची अकरा बिघे जमीन आहे. आमच्याकडे चार बिघे म्हणजे ढोबळमानाने एक हेक्टर, म्हणजे पावणेतीन हेक्टर धरा. वडील होते तोवर ती बटाईने दिलेली होती, वर्षाकाठी गव्हाची पोती घरी येत आणि हिशेबाकडे कोणी पाहत नसे. आता तो हिशेब माझ्याकडे आला आहे आणि तो मला उलगडत नाही.

२०२४ च्या खरिपात अकरा बिघ्यांत तीस क्विंटल सोयाबीन झाले. हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि आमच्या बटाईदाराने माल मंडीत ४,१५० रुपयांनी विकला, म्हणजे केवळ भावातच बावीस हजारांहून अधिक रुपये गेले. बियाणे, डीएपी खत, तणनाशक, दोन फवारण्या, काढणी आणि बटाईदाराचा अर्धा वाटा वजा जाता माझ्या हाती जे उरले, त्यापेक्षा तेवढ्या जमिनीच्या किमतीचे बँकेतले व्याज कितीतरी पटींनी जास्त होईल. ताकाला जाऊन भांडे लपवण्यात अर्थ नाही: जमीन विकून टाकावी असे धाकट्या भावाचे म्हणणे आहे, आणि त्याला उत्तर देण्यापूर्वी मला हे प्रकरण मुळातून समजून घ्यायचे आहे.

माझ्या शंका अशा आहेत. आजी सांगत असे की तिच्या लहानपणी पावसाळाभर शेत रिकामेच असे, आणि थंडीत एकही पाणी न देता गहू येत असे. हे खरे मानावे काय? दुसरे, ज्या मध्य प्रदेश राज्याने २०२० च्या हंगामात सरकारी गहूखरेदीत पंजाबला मागे टाकले, त्या राज्यातला शेतकरी इतका हलाखीत कसा? आणि तिसरे, सोयाबीन सोडावे की धरून ठेवावे?

भूगोलाच्या बाई

आजींचे म्हणणे अक्षरशः खरे आहे, आणि त्यातच तुमच्या बऱ्याचशा प्रश्नाचे उत्तर आहे.

माळव्याचे पठार हा दख्खनच्या लाव्हाचाच उत्तरेकडील भाग आहे, म्हणून पुण्या-नगरकडून येणाऱ्या माणसाला इथली माती पाहून परके वाटत नाही. या बेसॉल्टची झीज होऊन जी काळी माती बनली, तिच्यात चिकणमातीचे प्रमाण इतके असते की ओली झाली की ती फुगते आणि उन्हाळ्यात तिला पंजा आत जाईल एवढ्या भेगा पडतात. इंदूरला वर्षाला साधारण नऊशे ते हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतला असतो. त्या दिवसांत भारी काळ्या रानात ना बैल चालत, ना माणसाचा पाय निघे. म्हणून जुने शेतकरी पावसाळ्यात रान पड ठेवत, उघडीप मिळेल तेव्हा वखर घालून तण मारत आणि मातीला पाणी पिऊ देत. दसरा-दिवाळीच्या सुमारास त्या मुरलेल्या ओलीवर गहू आणि हरभरा पेरला जाई. हा गहू बहुधा काठिया, म्हणजे कठीण दाण्याचा असे, आणि तो ओलीवरच पिकत असे. जबलपूर-नरसिंहपूरकडे याच युक्तीची आणखी पुढची पायरी होती: तिथे शेताला बांध घालून पावसाचे पाणी महिनोन्महिने उभे ठेवत आणि पेरणीच्या तोंडावर सोडून देत. त्याला हवेली पद्धत म्हणतात.

‘मालव माटी गहन गंभीर, डग डग रोटी, पग पग नीर’ ही ओळ आपल्याकडे प्रत्येक सभेत म्हटली जाते. मला ती ऐकताना नेहमी वाटते की त्यातले नीर हे जमिनीखालचे नव्हेच, ते त्या मातीत मुरलेले होते. मातीखालचा बेसॉल्ट हा पाणी साठवणारा खडक नाही. झिजलेल्या मुरमात आणि कातळाच्या फटींत जेवढे मावेल तेवढेच पाणी तिथे असते. गेल्या शतकाच्या सत्तरीनंतर वीज आणि ट्यूबवेल आल्या, दुसरे पीक सर्रास होऊ लागले आणि आपण त्या फटींतले पाणी वर ओढू लागलो. आता कोणी तिनशे फुटांवर, कोणी सहाशे फुटांवर गेला आहे. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

त्यात या पठाराचा उतार आपल्या बाजूचा नाही. चंबळ महूजवळच्या जानापावला उगम पावते, क्षिप्रा इंदूर जिल्ह्यातच उगम पावते, आणि दोघीही उत्तरेकडे निघून जातात. पावसाळ्यात आपण सगळे पातालपाणीचा धबधबा पाहायला जातो. तिथली चोरल नदी मात्र दक्षिणेला उडी घेऊन नर्मदेला मिळते. म्हणजे महूच्या आसपास पडलेल्या पावसाचे काही थेंब यमुना-गंगेवाटे बंगालच्या उपसागरात जातात आणि काही कोसांवर पडलेले थेंब भडोचजवळ अरबी समुद्रात. आपण बसलो आहोत ते या घराच्या आढ्यावर, आणि आढ्यावर पाणी ठरत नाही. म्हणूनच १९७८ पासून इंदूरला नर्मदेचे पाणी घाट चढवून आणावे लागते, आणि २०१४ पासून तेच पाणी क्षिप्रेच्या उगमापाशीही सोडले जाते. उज्जैनच्या २०१६ च्या सिंहस्थात लोकांनी क्षिप्रेत स्नान केले, तेव्हा त्या प्रवाहात नर्मदा होती.

छावणी मंडीचा मुनीम

बाईंनी माती आणि पाणी सांगितले, मी भाव सांगतो. एका आडत्याकडे माझी तीस वर्षे वह्या लिहिण्यात गेली, त्यामुळे माझे बोलणे थोडे रुक्ष वाटेल.

रामबागकर, ज्या पावसाळी पडीवर तुमच्या आजींच्या काळात काही नव्हते, तीच जागा सोयाबीनने घेतली. पिवळे सोयाबीन इकडे साठीच्या दशकात जबलपूरच्या कृषी विद्यापीठाने अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या सहकार्याने आणले. शेंग नव्वद-शंभर दिवसांत रान मोकळे करते आणि मागे गहू घेता येतो, एवढ्याच एका गुणावर ते पसरले. सुरुवातीला बहुतेक ठिकाणी कोणत्याही पिकाला बाजूला न सारता ते आले, म्हणून त्याला फारसा विरोध झाला नाही. आज या राज्यात पन्नास लाख हेक्टरांच्या आसपास सोयाबीन असते, देशाचे सोयाबीन संशोधन केंद्रही १९८७ पासून इंदूरलाच आहे, आणि देवास-उज्जैनपर्यंत तेलाचे कारखाने उभे राहिले.

लोक सोयाबीनला तेलबी समजतात आणि तिथेच चुकतात. एक क्विंटल दाण्यातून जेमतेम अठरा किलो तेल निघते, उरलेली ऐंशीएक किलो पेंड असते, जिला बाजारात डीओसी म्हणतात. तेव्हा दाण्याचा भाव तेलाइतकाच, किंबहुना अधिक, पेंडीवर ठरतो. ती पेंड कोंबड्या खातात. परदेशी पाठवायची तर ब्राझील आणि अर्जेंटिनाच्या पेंडीशी तिची गाठ असते, ज्यांचे हेक्टरी उत्पादन आपल्या अडीच-तीन पट आहे. देशात विकायची तर अलीकडे नवा वाटेकरी आला आहे: मका आणि तांदळापासून इथेनॉल काढल्यावर जो चोथा उरतो, ज्याला डीडीजीएस म्हणतात, तो पेंडीपेक्षा बराच स्वस्त मिळतो. २०२४ च्या हंगामात भाव हमीभावाच्या खाली राहिला त्यामागे हेही एक कारण होते.

तेलाच्या बाजूला देश आपल्या गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल आयात करतो. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचे मूळ आयातशुल्क शून्यावरून वीस टक्क्यांवर नेले, तेव्हा मंडीत दोन दिवस उत्साह होता. मे २०२५ मध्ये ते दहावर आणले. शहरातल्या फोडणीचा विचार सरकारला करावाच लागतो, हे मला कळते, पण त्या फोडणीचे पैसे सांवेरच्या अकरा बिघ्यांतूनही जातात हे कोणी वहीत लिहीत नाही.

भावांतर योजनेविषयीही सांगतो. २०१७ मध्ये ती प्रथम आली आणि २०२५ मध्ये सोयाबीनसाठी पुन्हा आणली गेली. शेतकरी माल नेहमीप्रमाणे मंडीत विकतो, सरकार सरासरी भाव काढते आणि तो भाव व हमीभाव यांतला फरक खात्यात जमा करते. कल्पना वाईट नाही. पण फरक सरकार देणार हे बोली लावणाऱ्यालाही ठाऊक असते, त्यामुळे बोली कुठे थांबवायची हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. शिवाय लाभ नोंदणी केलेल्यालाच मिळतो. बटाईच्या जमिनीत नोंदणी कोणाच्या नावाने झाली आणि फरक कोणाच्या खात्यात गेला, हे आधी पाहा.

देपालपूरची सून

मुनीमकाका आणि बाई, दोघांचेही म्हणणे पटते, पण तुम्ही दोघेही माळव्याबद्दल बोलत आहात आणि रामबागकरांचा दुसरा प्रश्न राज्याविषयी होता.

हे राज्य १९५६ मध्ये मध्य भारत, विंध्य प्रदेश, भोपाळ आणि जुन्या मध्य प्रदेशाचे हिंदी जिल्हे जोडून झाले. त्या जुन्या राज्याची राजधानी नागपूर होती, हे आपल्या मराठी घरांत अजून एखादे आजोबा सांगतात. ही गोधडी आहे, आणि तिच्या प्रत्येक तुकड्याची शेती वेगळी आहे. मुरैना-भिंडकडे मोहरी, घाटाखाली निमाडात कापूस आणि मिरची, बुऱ्हाणपूरला केळी, नर्मदापुरम-हरद्याला तवा धरणाच्या कालव्यांवर गव्हामागून उन्हाळी मूग, बालाघाटला भात, डिंडोरी-मंडल्याच्या डोंगरांत कोदो-कुटकी. मंदसौर-नीमचला तर परवान्याची अफूही आहे. गहूखरेदीत पंजाबच्या पुढे जाणारे जिल्हे निराळे आणि आपली माणसे गुजरातेत मजुरीला पाठवणारे झाबुआ-अलीराजपूर निराळे. दोघांची सरासरी काढली की कोणाचेच चित्र दिसत नाही.

तरी सरासरीच हवी असेल तर ही पाहा. राज्याच्या उत्पन्नात शेती, पशुपालन, वने आणि खाणी मिळून हिस्सा ४४-४५ टक्क्यांच्या आसपास आहे. हा आकडा भाषणांत अभिमानाने सांगितला जातो. माझ्या मते त्याचा अर्थ शेती मोठी आहे असा नसून बाकीचे सगळे लहान आहे असा आहे. २०११ च्या जनगणनेत राज्यातल्या काम करणाऱ्यांपैकी सुमारे ७० टक्के लोक शेतकरी किंवा शेतमजूर होते, आणि त्यांतही मजूर शेतकऱ्यांपेक्षा अधिक. दोन आकड्यांची वर्षे वेगळी आहेत हे मान्य, पण सत्तर जणांनी चव्वेचाळीस रुपये वाटून घ्यायचे आणि तीस जणांनी छप्पन, तर दुसऱ्या गटातल्या माणसाला पहिल्याच्या जवळजवळ तिप्पट मिळतात. गव्हाचे उत्पादन दुप्पट केले तरी वाटेकरी कमी झाल्याशिवाय हे गणित सुटत नाही. वाटेकरी कमी व्हायचे तर त्यांना जायला जागा हवी. इंदुरात एकेकाळी गिरण्या होत्या, हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली आणि तिथल्या कामगारांना आपली देणी मिळायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. पीथमपूरची औद्योगिक वसाहत आहे, पण त्याच्या फाटकाशी आमच्या गावच्या किती मुलांना उभे करतात ते मला माहीत आहे.

सोयाबीनला दोष देऊन दुसरीकडे धावण्याविषयीही सावध राहा. २०२२ मध्ये आमच्याकडे लसूण एक-दोन रुपये किलोने मागत होते आणि लोकांनी पोतीच्या पोती नदीत रिकामी केली. २०२४ मध्ये तोच लसूण किरकोळीत तिनशेच्या वर गेला, पण तोवर निम्म्यांनी लसूण लावणे सोडले होते. आम्ही स्वतः एका वेफर्स कंपनीशी बटाट्याचा करार केला होता. बाजारभाव वर असताना करार पक्का होता, आणि भाव पडल्यावर आमच्या बटाट्यात अचानक साखर जास्त निघू लागली.

रामबागकर

सर्वांचे आभार. मुनीमकाका, नोंदणीविषयी विचारले असता बटाईदार खाली पाहू लागला, तेव्हा तो मुद्दा समजला. पण त्याच्यावर राग धरावा असेही वाटत नाही, कारण बाईंनी सांगितलेले पाणी तोच रात्री दोन वाजता उठून देतो. देपालपूरच्या ताईंचे सत्तर-तीसचे गणित मी भावाला वाचून दाखवले. तो म्हणाला, मग आपणच वाटेकरी कमी होऊ या. यावर मला उत्तर सुचले नाही.

तूर्त जमीन ठेवायचीच असे धरून चालतो. बोअर दिवाळीनंतर दमते, गव्हाला फार तर तीन पाणी मिळते. अशा जमिनीत काय करता येईल?

निवृत्त कृषिसेवक

मी उशिरा आलो, पण हा शेवटचा प्रश्न माझ्या आवाक्यातला आहे.

सोयाबीन सोडू नका, त्याचा खर्च सोडा. आपल्याकडे उगवणीच्या भीतीने बिघ्याला पंचवीस-तीस किलो बियाणे टाकतात, म्हणजे हेक्टरी क्विंटलच्या वर. घरच्या बियाण्याची उगवण शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून तपासली आणि ती सत्तरच्या वर निघाली, तर हेक्टरी सत्तर-पंचाहत्तर किलो पुरते. चार इंच पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका. पेरणी सपाट न करता रुंद गादीवाफ्यावर करा, मध्ये सरी ठेवा. बाईंनी सांगितलेली ती फुगणारी माती अतिवृष्टीत मुळे गुदमरवते, तेव्हा सरीतून पाणी निघून जाते, आणि पावसाने ताण दिला तर सरीतली ओल कामी येते. सगळ्या अकरा बिघ्यांत एकच वाण लावू नका. लवकर येणारे जे एस ९५-६० हे गव्हासाठी रान लवकर मोकळे करते म्हणून सगळ्यांना प्रिय झाले, पण पिवळ्या मोझॅक रोगाच्या वर्षी सगळे गाव एकदमच पिवळे पडते.

गव्हात मी तुम्हाला आजींच्याच वाटेने जायला सांगेन. काठिया गव्हाचे सुधारलेले वाण आपल्याच इंदूरच्या गहू केंद्रातून आले आहेत. पोषण आणि पूसा तेजस ही नावे कोणताही दुकानदार ओळखेल. यांचा दाणा रव्याला, दलियाला आणि आपल्या बाफल्यांना चालतो, पिवळटपणा चांगला असेल तर कारखानेही घेतात. तीन पाणीच असेल तर विक्रमी उत्पन्नाची आशा न धरता पाणी वेळेवर द्या: पहिले वीस-बावीस दिवसांनी मुकुटमुळे फुटताना, दुसरे चाळीस-बेचाळीस दिवसांनी कांडी धरताना, तिसरे साठ-पासष्ट दिवसांनी फुलोऱ्याच्या सुमारास. दोन बिघ्यांत हरभरा घ्या, त्याला एका पाण्यात भागते आणि पुढच्या पिकाला नत्रही उरते.

काढणीनंतर नरवाई, म्हणजे शेतात उरलेले गव्हाचे खुंट, पेटवू नका. हे सांगताना मला नेहमी थोडी लाज वाटते, कारण काडीकचरा आणि शेण थरावर थर रचून खत करण्याची जी ‘इंदूर पद्धत’ जगभर गेली, ती याच शहरात बसवली गेली होती. अल्बर्ट हॉवर्ड हे १९२४ ते १९३१ या काळात इथल्या वनस्पती-उद्योग संस्थेचे प्रमुख होते, होळकर दरबाराने दिलेल्या जागेवर ती उभी होती आणि आज तिथे कृषी महाविद्यालय आहे. त्यांनी नवे काही निर्माण केले असा त्यांचाही दावा नव्हता. इथल्या शेतकऱ्यांच्या सवयी पाहून आणि चीनमधल्या वाचून त्यांना शिस्त लावली, इतकेच. आपण मात्र तोच काडीकचरा एप्रिलमध्ये जाळतो आणि जूनमध्ये डीएपीच्या रांगेत उभे राहतो.

मक्याचाही विचार करता येईल. सध्या इथेनॉलमुळे त्याला मागणी बरी आहे.

छावणी मंडीचा मुनीम

कृषिसेवक साहेब, मका लावा म्हणता ते ठीक, पण मग त्याच मक्याचा चोथा येऊन यांच्या सोयाबीनचा भाव पाडणार. रामबागकर, मका लावलाच तर सगळ्या रानात लावू नका, आणि सोयाबीनही सगळे दिवाळीपूर्वी विकू नका. त्या पंधरवड्यात आवक सर्वात जास्त असते. निम्मा माल वाळवून ठेवण्याइतकी कोरडी जागा रामबागेतल्या जुन्या वाड्यात असेल.

रामबागकर

जागा आहे. माडीवर आजोबांच्या कणग्यांची खोली आहे, त्यात सध्या भावाच्या मुलाची जुनी सायकल आणि गणपतीची मखरे आहेत. या रविवारी ती रिकामी करतो. बटाईदाराला बोलावले आहे. नोंदणी आणि भावांतराचा फरक निम्मा-निम्मा, असे कागदावर लिहून घ्यायचे ठरले. गहू काठियाच, आठ बिघे, आणि तीन बिघे हरभरा. भाऊ म्हणतो एक वर्ष पाहू.